कॅमेऱ्याच्या काचेवरचे गोल चरे

एखादी गोष्ट का झाली ते कळलं नाही की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. लहानपणी यासाठी आईची बोलणी खाल्ली, चाळिशी ओलांडली तरी खोड काही गेलेली नाही. सासरी आल्यावर पहिल्याच वर्षी सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "वहू चांगली शे, पन भलत्या चौकश्या करस." म्हणजे सून चांगली आहे, फक्त नको तिथे नाक खुपसते. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तर त्या दिवशी माझ्या कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर मला चरे दिसले आणि माझं जेवण गेलं.

हा कॅमेरा म्हणजे काही फार भारी वस्तू नाही. मुठीत मावणारा, डिजिटल, लांबचं जवळ आणणारा. आता सगळ्यांच्या हातात मोबाईल असताना मी कॅमेरा गळ्यात घालून तापीच्या काठावर फिरते याचं आमच्या गावात हसू होतं. पण मोबाईलमध्ये पलीकडच्या काठावरचा बगळा म्हणजे नुसता पांढरा ठिपका येतो. मला त्याची चोच बघायची असते, चोचीत काय धरलंय ते बघायचं असतं. मी गावातल्या शाळेत शिकवते, आणि सुट्टी असली की नदीकाठच्या प्रकाशा गावी जाते. तिथे नदीचं पाणी अडवलेलं असतं, थंडीत पक्षी येतात, घाटावर बसलं की निवांत फोटो काढता येतात. नवरा म्हणतो, "तुन्हं लगीन मन्हासंगे व्हयेल शे का कॅमेरासंगे?" मी म्हणते, कॅमेरा निदान सांगितलेलं ऐकतो.

इतक्या जपलेल्या वस्तूवर चरे यायचं कारण काय? कॅमेरा घरी मधल्या खोलीत खुंटीला टांगलेला असतो, त्याच्या पिशवीत. मी सोडून कुणी हात लावत नाही असा माझा समज होता. मी खिडकीशी उभी राहून कॅमेरा उन्हात तिरपा धरला. सरळ धरला की काही दिसत नव्हतं, तिरपा केला की वरच्या डाव्या बाजूला बारीक बारीक रेघांचा पुंजका चमकायचा. गंमत अशी की बाकीची काच स्वच्छ होती. झिपचा चरा पडला असता तर तो लांब पडला असता. किल्ली लागली असती तर खोल पडला असता. हे चरे मात्र गोल होते, एकात एक गुंतलेले, नि सगळे एकाच जागी.

एकाच जागी का?

मी आधी इंटरनेटवर पाहिलं. तिथे कुणीतरी लिहिलं होतं की टूथपेस्ट लावून हलक्या हाताने चोळा, चरे जातात. मी चोळली. चरे गेले नाहीत, उलट भोवती दुधाळ डाग पडला. सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काय करी ऱ्हायनी व बाई? कॅमेराना दात घासी ऱ्हायनी का?" मग त्यांनी आपला इलाज सांगितला, "राख लाव, चकचक व्हई जाई." त्यांची पितळेची भांडी राखेने चमकतात, हे खरं आहे. कॅमेऱ्याची काच पितळेची नाही हे त्यांना समजावण्यात माझा अर्धा दिवस गेला.

शेवटी नंदुरबारला गेले. बसस्टँडच्या जवळच्या गल्लीत एक दुरुस्तीवाला बसतो, घड्याळं, मोबाईल, कॅमेरे सगळंच करतो. त्याने भिंग लावून पाहिलं आणि माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "ताई, बांगड्या." मी म्हटलं, बांगड्यांनी गोल चरे कसे पडतील? तो म्हणाला, "बांगडी गोल असते ना."  पण त्याने काम नीट केलं. त्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एक पारदर्शक तुकडा असतो तो वेगळा मिळतो, तो त्याने बदलून दिला. खालची काच वेगळी, हा वरचा तुकडा प्लॅस्टिकचा असतो, म्हणून तर त्याला लगेच ओरखडे पडतात, हेही सांगितलं. वर एक फिल्म दिली, मोबाईलला लावतात तशी, चिकट, पातळ. म्हणाला, पुन्हा चरे पडले तर या कागदावर पडतील, काढून दुसरा लावायचा. मात्र इथे रस्त्याची धूळ आहे, खाली एक कण राहिला तरी फुगा येतो. घरी लावा, न्हाणीघरात. आधी गरम पाणी सोडून वाफ होऊ द्या, धूळ खाली बसते, मग लावा.

मला हे फार आवडलं. धूळ वाफेने खाली बसते हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नि नवरा कॅमेरा घेऊन न्हाणीघरात शिरलो आणि आतून कडी लावली. मी फिल्मचा कोपरा धरला होता, तो एटीएमचं कार्ड घेऊन फुगे बाहेर सरकवत होता, दोघंही घामाने निथळत होतो. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, आतमा काय चालू शे? नवरा म्हणाला, कॅमेऱ्याला कागद लावतोय.  मग ओसरीवरून सासऱ्यांचा आवाज आला, "आंघोय घाली ऱ्हायनात का त्याले?" सासरे, म्हणजे आमचे नाना, फार क्वचित विनोद करतात, त्यामुळे आम्ही दोघं आतच हसत सुटलो. फिल्म मात्र सुंदर बसली, एकही फुगा नव्हता.

नानांबद्दल इथे सांगावं लागेल, कारण आमच्या घरात तेव्हा जे चाललं होतं ते त्यांच्यामुळेच होतं.

नाना शेतकरी माणूस. केळी, कापूस, थोडी पपई. आयुष्यभर उन्हात राबलेले, बोलण्यात कडक, वागण्यात सरळ. त्यांना एक मुलगी, माझी धाकटी नणंद. तिने नंदुरबारला स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. मुलगा चांगला होता, पण नानांच्या पसंतीतला नव्हता, आणि त्याहून वाईट म्हणजे तिने नानांना विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. त्या दिवशी नाना एकच वाक्य बोलले, "आते आखाजीले मुराळी जावाव नही." आणि उठून शेतात गेले.

आमच्या खान्देशात हे वाक्य म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगावं लागतं. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, पण आमच्याकडे ती लेकींची असते, लेकीला आम्ही आंडेर म्हणतो. सासरी गेलेली प्रत्येक लेक त्या दिवसांत माहेरी येते. ती आपली आपण येत नाही. तिला आणायला घरून कुणीतरी जावं लागतं, बहुतेक भाऊ जातो. तो मुराळी. मुराळी आला की लेक सासरच्या उंबऱ्यातून ताठ मानेने निघते. इकडे निंबाला झोके बांधलेले असतात, सांजोऱ्या तळलेल्या असतात, पुरणाच्या पोळ्या खापरावर पडत असतात. मुराळी नाही, तर माहेर नाही.

तेव्हापासून आमच्या निंबाला झोका बांधला जायचा आणि त्यावर शेजारच्या पोरी बसायच्या. सासूबाई सांजोऱ्या करायच्या आणि स्वतः खायच्या नाहीत. नणंदेला मुलगी झाली, ती रांगायला लागली, चालायला लागली, नानांनी नातीला पाहिलं नव्हतं. सासूबाई माझ्या फोनवरून लेकीशी बोलायच्या, स्वयंपाकघरात, पातेलं घासल्याचा आवाज करत. नानांना ते कळत नसेल असं मला कधी वाटलं नाही. पण ते नाव काढत नव्हते, त्यामुळे आम्हीही काढत नव्हतो.

मी मात्र नणंदेला भेटायचे. तिला सासूबरोबर प्रकाशाच्या मंदिरात यायचं असलं की ती मला कळवायची, मी पक्ष्यांचं निमित्त करून जायचे. अशाच एका भेटीत घाटाच्या पायऱ्यांवर मी तिचा फोटो काढला होता. ती कडेवर मुलगी घेऊन उभी होती, मागे तापीचं पाणी. फोटो काढून झाल्यावर ती म्हणाली होती, "वहिनी, मला नानांकडून काही नको. माफी मागायला सांगितली तर तीही मागेन. एकदा फक्त आखाजीला बोलावणं यावं."  तो फोटो बगळ्यांच्या आणि खंड्यांच्या गर्दीत कॅमेऱ्यातच राहिला.

असो. फिल्म लावली, महिना गेला, आणि एका सकाळी मी कॅमेरा तिरपा धरला तर पुन्हा चरे. त्याच जागी, तसेच गोल.

आता मात्र मी हट्टाला पेटले. बांगड्यांचा प्रश्न नव्हता, कारण मी फोटो काढताना त्या कोपरापर्यंत वर सरकवायला लागले होते. मग मी स्वयंपाकघरात बसून एक जुना, बिघडलेला मोबाईल घेतला आणि त्याच्या काचेवर चिकटवलेल्या तशाच फिल्मवर प्रयोग सुरू केले. खडूची भुकटी चोळून पाहिली, मी मास्तरीण, बोटांना खडू असतोच. काही झालं नाही. मिरचीची पूड चोळली, आमच्या जिल्ह्यात तिला तोटा नाही. शिंका आल्या, चरा आला नाही. तापीची वाळू घेतली, तिने सरळ खोल रेघा ओढल्या. मग शेतातली माती आणली, वाळवली, फडक्याच्या टोकाला लावून गोल फिरवली. आणि तिथे हुबेहूब तसाच धुरकट पुंजका उमटला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. "काचनी भाजी करी ऱ्हायनी का व बाई?" त्या म्हणाल्या.

म्हणजे शेतातली माती होती, फडकं होतं आणि कुणीतरी ते गोल फिरवत होतं. आणखी एक गोष्ट मला खटकत होती. मी बॅटरी भरून ठेवायचे आणि शाळेच्या आठवड्यात कॅमेरा उघडायचे नाही, तरी रविवारी बॅटरी उतरलेली असायची. कुणीतरी माझा कॅमेरा चालू करत होतं. पण का?

उत्तर मला मुद्दाम शोधून मिळालं नाही. मी खिडकीशी बसून जुने फोटो बघत होते, कॅमेरा तसाच तिरपा धरलेला होता, चरे चमकत होते. खंड्याच्या फोटोत ते आभाळात होते. बगळ्याच्या फोटोत ते पलीकडच्या झाडीत होते. शाळेच्या पोरांच्या फोटोत फळ्यावर. मी बटण दाबत पुढे जात होते. आणि मग नणंदेचा फोटो आला. धुरकट पुंजका बरोबर तिच्या चेहऱ्यावर बसला. केसांच्या भांगापासून हनुवटीपर्यंत, थोडा तिच्या खांद्याला टेकलेल्या पोरीच्या डोक्यावर. घाट स्वच्छ होता, पाणी स्वच्छ होतं, तिची साडी स्वच्छ होती. फक्त तिचं तोंड पुसलं गेलं होतं.

मी एक फोटो मागे जाऊन पुन्हा पुढे आले, पुंजका तिच्या तोंडावरच होता.

घरात आम्ही चौघंच. सासूबाईंना कॅमेरा चालू करता येत नाही. नवरा दिवसभर बाहेर. नानांना मात्र मीच शिकवलं होतं, केळीच्या पानांवरचा रोग मोठा करून दाखवताना. हे चालू करायचं बटण, हे पुढे जायचं. त्यांनी तेव्हा "बरं शे" एवढंच म्हटलं होतं.

तरी मी खात्री करून घेतली, स्वभावच तसा. माझ्या कॅमेऱ्याला एक सवय आहे, जो फोटो शेवटी पाहिलेला असतो त्याच्यावरच तो पुन्हा उघडतो. मी तो खंड्याच्या फोटोवर आणून बंद केला आणि शाळेत गेले. संध्याकाळी उघडला तर नणंद.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. मी नेहमीपेक्षा लवकर परतले आणि मागच्या दाराने आत आले. ओसरीवर बाजेवर नाना बसले होते, माझ्याकडे पाठ करून. नुकतेच शेतातून आलेले, खांद्यावरचा पंचा मातीने तपकिरी झालेला. त्यांच्या हातात कॅमेरा होता. त्यांनी तो तोंडाजवळ नेला, काचेवर श्वास सोडला, मग पंच्याचं टोक अंगठ्यावर गुंडाळलं आणि हळूहळू गोल गोल पुसायला लागले. थांबून पाहिलं. मान थोडी वाकडी करून पाहिलं. पुन्हा श्वास सोडला, पुन्हा पुसलं.

नानांना मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, ते केळी निघाल्यावर बघू म्हणतात. त्यांना लेकीचं तोंड धूसर दिसत होतं आणि त्यांना वाटत होतं की काचेवर धूळ आहे. म्हणून ते पुसत होते. शेतातल्या मातीने भरलेल्या पंच्याने. जितकं पुसत होते तितकं ते तोंड नाहीसं होत होतं, आणि जितकं नाहीसं होत होतं तितकं ते जास्त पुसत होते.  त्या माणसावर मी मनातल्या मनात वर्षानुवर्षं राग धरला होता, तो राग उभ्या उभ्या गळून गेला.

मी आल्या पावली मागे गेले, वळसा घालून पुढच्या फाटकाशी आले आणि कडी जोरात वाजवली. ओसरीवर पोहोचले तेव्हा कॅमेरा खुंटीला होता आणि नाना बाजेवर आडवे होते.

"तुन्हा कॅमेराले भलती धूळ लागस," ते डोळे मिटूनच म्हणाले.

"हो ना, नाना," मी म्हटलं. "कागद बदलू का त्याचा?"

त्यांनी कूस बदलली. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "धूळनं काय, पुशी काढानी."

आता काय करायचं? कागद बदलला तर त्यांना कळणार की मला कळलंय, आणि मग हा माणूस पुन्हा कधी त्या खुंटीकडे जाणार नाही. नाही बदलला तर दिसतंय तेवढंही दिसणार नाही. मी नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण तो जाऊन सरळ विचारणार. शेवटी मी एवढंच केलं. चष्म्याबरोबर मिळतं तसं एक मऊ फडकं घेतलं, दोरीने कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बांधलं आणि जेवताना हवेत बोलल्यासारखं बोलले, "काच पुसायच्या आधी फुंकर मारायची म्हणे, म्हणजे कण उडून जातात. आणि यानेच पुसायचं." नवरा म्हणाला, मला कशाला सांगतेस. नाना भाकरी मोडत होते. आठवड्याने पाहिलं तर फडक्याचा एक कोपरा मळलेला होता.

मग मी आणखी एक उद्योग केला. नणंदेला प्रकाशाला बोलावलं. ऊन चढायला लागलं होतं, आखाजी जवळ आली होती. पोरगी आता आईचा हात सोडून पळत होती. चपला तिने पायरीवर काढून टाकल्या होत्या आणि तापलेल्या दगडांवरून तुरुतुरु चालत होती, पाय उचलून उचलून. मी तिचा फोटो काढला, पूर्ण, डोक्यापासून तळव्यापर्यंत, मुद्दाम फ्रेमच्या उजव्या बाजूला, जिथे काच अजून साफ होती. नणंदेने विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, सहज. तिला सांगितलं असतं तर तिने आशा धरली असती, आणि ती आशा पुरी करणं माझ्या हातात नव्हतं.

तोच फोटो समोर आणून कॅमेरा बंद केला, खुंटीला टांगला आणि वाट पाहत बसले. एक दिवस काही नाही, दुसरा दिवस काही नाही. नाना नेहमीसारखे. मला वाटायला लागलं, आपण उगाच शहाणपणा केला.

मग एका दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. आमरस होता.  नानांनी वाटी खाली ठेवली आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "त्या पोरना पायमा चप्पल काबरं नही? घाट तापेल ऱ्हास."

 सासूबाईंनी वाढायचा चमचा पातेल्यात ठेवला.

"कोनती पोर?" त्यांनी विचारलं.

नानांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. कडक माणसाची चोरी पकडली गेली की त्याच्याकडे बघवत नाही. मी ताटात बघत राहिले. मला भीती वाटत होती की आता ते उठतील आणि पंचा खांद्यावर टाकून शेतात निघून जातील, त्या दिवशी गेले होते तसे.

सासूबाई माझ्याकडे वळल्या नाहीत, मुलाकडे वळल्या नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज तसा ऐकला नव्हता. "आखाजी यी ऱ्हायनी," त्या म्हणाल्या. "मन्ही आंडेरले मुराळी धाडा. मी आते झोका रिकामा दखाव नही."

 नवरा म्हणाला, "नाना, मी जास ना. उद्याच जास."

नानांनी रसाची वाटी पुन्हा उचलली, ती रिकामी होती, पुन्हा ठेवली. "तू ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मी जास."

बाप स्वतः मुराळी म्हणून गेल्याचं निदान मी तरी आमच्या भागात ऐकलं नव्हतं. भाऊ जातो, भाऊ नसला तर चुलतभाऊ जातो, भाचा जातो. पण दुसऱ्या दिवशी नाना दाढी करून, धुतलेलं धोतर नि टोपी घालून एसटीने नंदुरबारला गेले. गाडी देतो म्हटलं तर नको म्हणाले. तिथे काय बोलणं झालं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. नणंद सांगत नाही, नाना तर सांगणारच नाहीत. मी, जिला सगळं कळायला हवं असतं, मीही विचारलं नाही. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली तेव्हा नानांच्या कडेवर पोरगी झोपलेली होती, मागे नणंद होती आणि तिच्या हातात लहान चपलांच्या एका जोडाची पिशवी होती. चपला पोरीच्या मापापेक्षा मोठ्या होत्या. सासूबाई लेकीच्या गळ्यात पडून रडल्या, मीही रडले, नवरा उगाचच गायीला पाणी दाखवायला गेला.

आखाजीच्या दिवशी निंबाखाली झोका होता आणि त्यावर नणंद होती. सांजोऱ्यांची परात मध्ये ठेवलेली होती, आणि सासूबाई आज खात होत्या. थोड्या वेळाने नणंद पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, वहिनी, कॅमेरा आणा, घाटावरचे फोटो दाखवा. मी आणला. तिने बटणं दाबली, आणि तिचा स्वतःचा फोटो आल्यावर काच डोळ्यांजवळ नेली, दूर नेली.

"वहिनी, आठे काय व्हयनं?" ती म्हणाली. "मन्हं तोंडच दिसत नही."

 सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. बाजेवर नाना नातीला समोर बसवून तिच्या पायात ती मोठी चप्पल घालत होते. डावी उजव्या पायात जात होती, पोरगी पाय ओढून घेत होती, ते पुन्हा धरत होते.

"तो वरना कागद शे," नाना मान वर न करता म्हणाले. "काढी टाक आते. आते काय पुसानं शे."

नणंदेने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग तिने कोपऱ्याला नख लावलं आणि कागद ओढला. तो एकाच ओढीत निघाला. खालची काच नवी होती, आणि तिच्यात ती कडेवर पोरगी घेऊन घाटावर उभी होती, नाकातल्या फुलीसकट.

"नाना, दखा," ती म्हणाली आणि कॅमेरा त्यांच्यापुढे धरला.

नानांनी कॅमेरा बाजूला सारला आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिले.